आमच्या लोकांत असं करत नाहीत

आमच्या घरात माझी ख्याती अशी, की हिच्या पोटात काही राहत नाही. नणंदेच्या सुनेला दिवस गेल्याची बातमी मीच आधी सगळ्या बिल्डिंगला सांगून बसले होते. तरी ही एक गोष्ट राहिली. नवऱ्याला माहीत नाही, मुलीला माहीत नाही. आज तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

आम्ही तेव्हा शारजात राहायचो. जवळच्या एका स्पोर्ट्स अकॅडमीत मुलींची फुटबॉल टीम निघाली आणि माझी सानिका तिच्यात गेली. कोच होती कॅरिस. वेल्सची, स्वतःच्या देशाकडून खेळलेली. ती खेळायची तेव्हा बायकांच्या टीमला पुरुषांच्या जुन्या जर्सी मिळायच्या म्हणे, बाह्या हातांखाली लोंबणाऱ्या. आठवडाभर पावाच्या कारखान्यात काम आणि रविवारी मॅच. गुडघा गेला तेव्हा खेळणं संपलं, मग ती शिकवायला लागली. बाह्या दुमडायची सवय मात्र तशीच राहिली होती. काही अवघड बोलायचं असलं की आधी बाह्या दुमडायची.

मला ती फार आवडायची. हे आधीच सांगून ठेवते.

एकदा एका मुलीच्या वडिलांना तिने थेट फोन केला, मुलगी प्रॅक्टिसला का येत नाही म्हणून. ते भडकले. मी मध्ये पडून मिटवलं आणि वर कॅरिसला समजावलं, की आमच्या लोकांत असं थेट विचारत नाहीत, काही असलं तर माझ्यामार्फत सांगत जा. असं काही असतं का हो? मी पुण्याची. आमच्याकडे तर लोक तोंडावर बोलून मोकळे होतात. पण तेव्हापासून कोचचे सगळे निरोप माझ्या हातून जायला लागले, बाकीच्या आया मला विचारू लागल्या, आणि मला ते गोड वाटलं.

टीममध्ये रेनिटा होती. वसईची. तिचे वडील इंडस्ट्रियल एरियातल्या टाइल्सच्या गोदामात स्टोअर सांभाळायचे. चेंडू तिच्या पायाशी आला की मैदानावरचा गोंधळ थांबायचा, इतकं मलाही कळायचं. सानिकाच्या पायाला चेंडू लागायचा — पुढे तो कुठे जाईल ते देवालाच माहीत. ती बहुतेक बाकावर बसून असायची आणि मी तिच्यामागे पाण्याच्या बाटल्या घेऊन.

मग ते २००८चं मंदीचं साल आलं. इमारती अर्ध्यावर थांबल्या. ओळखीची माणसं ‘व्हेकेशनला जातोय’ म्हणून जायची आणि परत यायचीच नाहीत. रेनिटाच्या वडिलांची नोकरी टिकली, पण पगार कापला. बायको-मुलीला वसईला पाठवून स्वतः बेडस्पेसमध्ये, म्हणजे चारचौघांच्या खोलीत एक खाट भाड्याने घेऊन, राहायचं त्यांनी ठरवलं.

कॅरिसला हे कळलं तेव्हा तिने मला बाजूला बोलावलं. बाह्या दुमडल्या. म्हणाली, रेनिटाला शाळेचं वर्ष संपेपर्यंत माझ्याकडे राहू दे. माझ्या घरात एक खोली रिकामीच आहे. उन्हाळ्यात मी तिला वेल्सच्या माझ्या जुन्या क्लबच्या कॅम्पला नेते, एकच मुलगी नेता येते, आणि ती हीच. तिच्या आईवडिलांना तू नीट विचार — तुमच्या पद्धतीने.

मी गेले. घरभर खोकी होती. भांडी बांधून झाली होती म्हणून फिलोमिनाने, म्हणजे रेनिटाच्या आईने, कागदी कपात चहा दिला. रेनिटा खोक्यांना टेप लावत होती.

“कोच काही बोलल्या का गं हिच्याबद्दल?” फिलोमिनाने विचारलं.

बघा, तिने विचारलं होतं. मला फक्त तोंड उघडायचं होतं. रेनिटाचा टेप लावणारा हात थांबला होता, तेही मी पाहिलं.

“नाही गं. गुड लक सांगितलंय,” मी म्हणाले.

आणि कोचला काय सांगितलं? सांगितलं, की ते नको म्हणाले. आमच्या लोकांत मुलीला अशी परक्या घरी ठेवत नाहीत. “ओके,” कॅरिस म्हणाली, “आय शुड हॅव नोन.”

शुक्रवारी रेनिटा जर्सी परत द्यायला मैदानावर आली. धुऊन, इस्त्री करून आणली होती. कॅरिसने आईवडिलांच्या शब्दाचा मान राखला, विषय काढला नाही. रेनिटाला वाटलं, कोचला आपली गरज नाही. तीही काही बोलली नाही. दोघींनी हात मिळवले. मी चार पावलांवर उभी होते.

कॅम्पची ती एक जागा रिकामी राहिली; मी कॅरिसकडे शब्द टाकला आणि सानिका गेली. पुढच्या वर्षी तिने फुटबॉल सोडलं. मी फार मागे लागले तेव्हा म्हणाली, “मम्मा, आय वॉज नेव्हर दॅट गुड.” तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतंच की.

कॅरिस काही वर्षांनी आपल्या देशात परतली. तिथे मुलींच्या टीम घडवून तिने चांगलं नाव कमावलं. मध्यंतरी दुबईत कोच लोकांसमोर बोलायला आली होती, मला आवर्जून बोलावलं. स्टेजवर तिने बाह्या दुमडल्या आणि रेनिटाची गोष्ट सांगितली. माझ्या हातून गेलेली सगळ्यात चांगली मुलगी, म्हणाली. चूक माझीच, मी स्वतः त्यांच्या दारात जायला हवं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक मुलीच्या घरी स्वतः जाते, कुणाकरवी विचारत नाही. मग माझ्याकडे हात करून म्हणाली, ही माझी मैत्रीण, त्या कठीण दिवसांत माझे निरोप हिनेच पोचवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले आणि सगळ्यांना नमस्कार केला.

तो नमस्कार आठवला की मला आजही माझी किळस येते.

रेनिटा वसईला एका ऑफिसात नोकरी करते. ख्रिसमसला फिलोमिनाचा फोन येतो, मग ती रेनिटाच्या हातात देते. गेल्या खेपेला रेनिटा म्हणाली, “आंटी, कोचचा नंबर आहे का तुमच्याकडे? सहज, हॅलो म्हणायला.”

आहे. दर वर्षी माझ्या वाढदिवसाला कॅरिस मला मेसेज करते.

“नाही गं,” मी म्हणाले. “बदलला असेल आता.”