पोरीनं औषध घेतलं

माझी नात आठ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. पोरगी एका जागी टिकत नव्हती. वही उघडली की बाहेर कुठं काही वाजे, अन् ही त्यामागं पसार. शाळेतल्या बाईनं सांगून टाकलं, असंच चाललं तर हिले वर्गात बसवणार नाही. सून तिले यवतमाळच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. त्यानं सकाळची एक गोळी लिहून दिली. म्हणे, मेंदूले चेतवते, त्यानं ध्यान लागते.

मी चौथी नापास, पण जिंदगीभर बैल हाकले. म्हटलं, "सूनबाई, उधळल्या गोऱ्ह्याले कोणी टॉनिक पाजते का? फेक ते विहिरीत."

"मामाजी, तुमच्या गोऱ्ह्याले शाळेत जायचं नसते."

माझ्या घरात मले असं बोलणारी ती एकटीच. गोळी सुरू झाली. त्यानं भूक कमी झाली, पोरगी दुपारची अर्धी पोळी टाके. मी तेवढंच धरून रोज कुरकुर करी.

आता आमच्याकडं औषध म्हणजे फवारणीचं. कापसानं माणसं खाल्ली ती वर्षं. "औषध घेतलं" असं कानावर पडलं की माणूस चप्पल न घालता धावे. सून नागपुरात वाढलेली, तिले काय ठाऊक? एका रविवारी ती हापशीवरून ओरडली, "मामाजी, पोरीनं औषध घेतलं का?"

मीही दारातून जोरात, "घेतलं! पुरं घेतलं! माह्या डोयासमोर घेतलं!"

शेजारीण मिठाच्या पाण्याचा गडवा घेऊन आली. तिच्या नवऱ्यानं ट्रॅक्टर चालू केला. मागून अर्धी गल्ली घरात.

"पाजा, पाजा! उलटी होऊ द्या!"

"काहो बुढेबाबा, समोर घेतलं अन् पाहत बसले?"

"अबे, गोळी आहे ते! ध्यानाची!"

"कायची?"

पोरगी खाटेवर गुणाकार करत होती. एवढ्या गलक्यात तिनं मान वर केली नाही. फक्त म्हणाली, "आबा, यायले चूप राहा म्हणा ना. माहा हातचा चुकून राह्यला."

मी हे पाहिलं अन् साऱ्यायले दाराबाहेर काढलं. "निघा! पोरगी गणित करून राह्यली!"

"अन् हे पाणी?" शेजारीण म्हणे.

"नवऱ्याले पाज तुह्या."

सून कळशी घेऊन आत आली. माझ्याकडं पाहून हसली नाही, हे तिनं बरं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी मीच दिली. गुपचूप.