तू मागं राह्य

पटेलांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि माईक हातात घेतला. क्लब त्यांचा, मैदान त्यांच्या कापसाच्या जिनिंगमागचं. देशाकडून फुटबॉलच्या बचावफळीत खेळलेली मी, आता मुलींच्या संघाची मॅनेजर म्हणून त्यांनी मला आणलं होतं. म्हणाले, "इच्या आज्यानं आमच्या गावची वेस राखली. इनं देशाची राखली. राखण यायच्या रक्तातच हाय."

टाळ्या पडल्या. मी हसले. हो, हसले. वर हात जोडले. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पुढच्या रांगेत बाबा बसले होते. गुडीहत्नूरच्या शाळेत जन्मभर कारकुनी केलेला माणूस. त्यांनी टाळी वाजवली नाही. घरी येऊन चपला काढता काढता म्हणाले, "तुह्या आज्यानं राखली नाई. त्याले तिथं बसवलं व्हतं." मला राग आला, तो बाबांचाच. एवढा मानाचा दिवस, आणि यांना जुनंच उकरायचं.

शाळेत मी गोल मारायची. माझ्याइतकं कोणी पळत नव्हतं. पी.टी.च्या सरांनी एक दिवस हाताला धरून मला आपल्या गोलपाशी नेलं. "तू मागं राह्य. तुमच्या लोकायले मार खायची सवय असते." राहिले मागं. नडग्या फुटल्या, एक गुडघा कायमचा गेला, भारताची जर्सी मिळाली. वाटलं, सर बरोबरच होते.

तीन वर्षं मी क्लबचा संघ लावला. मागच्या चारही पोरी आमच्या वस्तीतल्या. पुढं पटेलांची नात आणि तिच्या मैत्रिणी. असं लाव म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. लाज त्याचीच वाटते. सांगावं लागलंच नाही.

मग एका सकाळी पल्लवी समोर आली. त्या चौघींतली एक, संघात सगळ्यांत वेगवान. तिची आई पटेलांच्याच जिनिंगमध्ये कामाला.

"मॅडम, मी काऊन मागं?"

"राखण तुह्या रक्तातच हाय," मी म्हणाले.

माझ्या तोंडातून पटेल बोलले होते. पोर मागं जाऊन उभी राहिली. त्या दिवशी मला सराव घेता आला नाही.

अंतिम सामन्याला मी पल्लवीला पुढं लावलं. नातीला बाकावर बसवलं. संघाचा कागद हातात घेऊन पटेल मैदानात आले.

"हे काय करून राह्यली तू? तिले मागं घे."

"संघ मी लावते, पटेल."

"तुले इथं बसवलं कोनं?"

"तुमीच बसवलं. म्हणून तर उठले."

कागद बदलला नाही. पल्लवी जीव तोडून पळाली. आम्ही हरलो, दोन गोलांनी. जिंकलो असतो तर सांगायला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली. ती जाणारच होती. पण पल्लवीच्या आईलाही जिनिंगमधून घरी पाठवलं. तिच्या घरी गेले. तिनं दारातच अडवलं. "तुमच्यापायी झालं, मॅडम. आता माह्या पोरीले खेळवू नका." खरंच होतं ते. माझ्या नोकरीसाठी इतर क्लबांना फोन केले. पटेलांशी वाकडं कोण घेणार?

माझ्याकडे मैदान नाही, संघ नाही. त्या बाईचं काम परत मिळवून द्यायची ताकद नाही. ते ओझं माझ्या डोक्यावर आहे आणि राहणार. वस्तीमागच्या पडीत जागेत मी रोज सकाळी चेंडू घेऊन उभी असते. काल कोणी आलं नाही. आजही नाही. जी येईल तिला आधी विचारीन, तुला कुठं खेळायचंय? ती सांगेल तिथं तिला उभी करीन. आडवे पटेल येवोत की माझीच जुनी जीभ, तिला तिथून हलवू देणार नाही.