ग्रेगोर कालुसचं एकुलतं एक खोटं

ओल्शिना गावात ग्रेगोर कालुसला लग्नाला बोलवायचं म्हटलं की लोकांना धाकधूक. भर मांडवात नवरीच्या आईला म्हणायचा, "मावशी, केक करपलाय!" खोटं त्याच्या जिभेला वळतच नसे. वीस वर्षं तो मठाची माशांची तळी राखत होता.

१८१०च्या हिवाळ्यात राजाचा हुकूम आला, मठ बंद. मठातली संन्यासी ब्रदर मंडळी बोचकी बांधून गेली आणि शहरातून एक साहेब मठाच्या मालमत्तेची यादी करायला आला. नाताळाआधी सगळी तळी उपसून शेवटचा मासासुद्धा विकायचा होता.

"साहेब, खायचे मासे खुशाल न्या," ग्रेगोर म्हणाला, "पण विणीच्या अकरा माद्या राहू द्या. त्या गेल्या तर पिल्लं कुठून येणार?"

"हुकमात माद्यांचा उल्लेख नाही."

दोघं गिरणीमागं आले. तिथल्या खोल तळ्याचं पाणी गोठून वर हिम साचलं होतं, आणि माद्या नेमक्या त्याच्याच खाली होत्या. त्यांना हवा मिळावी म्हणून ग्रेगोरनं बर्फाला भोकं पाडून, ती पुन्हा गोठून बुजू नयेत म्हणून त्यांत गव्हाच्या काडाच्या पेंढ्या उभ्या खोवल्या होत्या.

"इथं काय आहे?"

"कुरण."

"आणि त्या पेंढ्या?"

ग्रेगोर आपल्या बुटांकडं बघत म्हणाला, "सशांसाठी, साहेब. थंडीत उपाशी मरतात बिचारे."

साहेब पक्का शहरी. त्यानं निमूट 'कुरण' लिहून घेतलं.

त्या दिवसापासून ग्रेगोरला घास गिळवेना. बायको आग्नेटा वैतागली. "अहो, मासे वाचवलेत, कुणाचा गळा नाही कापलात!"

"खोटं ते खोटंच."

शेवटी तो पापकबुलीला गेला. मठातले एकटे म्हातारे फादर रोबर्ट गावच्या चर्चसाठी मागं राहिले होते. ग्रेगोरनं सगळं भडाभडा सांगून टाकलं. कबुलीकोठडीच्या जाळीपलीकडून फादरांनी हळूच विचारलं,

"जिवंत आहेत ना रे?"

"अकराच्या अकरा, फादर."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. सोबती गाडीत बसून गेले तेव्हाही न रडलेला म्हातारा आता रडत होता.

"प्रायश्चित्त सांगा, फादर."

"दर हिवाळ्यात रोज सकाळी जाऊन बर्फाची भोकं मोकळी करायची. मरेपर्यंत."

"ते तर मी करतोच की!"

"मग उद्यापासून मलाही घेऊन जा," फादर म्हणाले. "तुझं खोटं ऐकून मला आनंद झाला, ग्रेगोर. त्याचं प्रायश्चित्त मला कोण देणार?"