घरून आणलेला प्रश्न

मुलगा आठवीला फादरांच्या शाळेत जायला लागला आणि त्याच्यामागोमाग मीही शिकायला लागले. तो एसटीने जायचा, मी चुलीपाशी बसून जायची, एवढाच फरक.

ही शाळा मुरबाडहून शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. कॅथलिक फादर लोक चालवतात आणि ती फक्त मुलांची आहे. आत बहुतेक पोरं आमच्यासारख्या भातशेती करणाऱ्या घरांतली, ख्रिस्ती थोडीच. हेडमास्तर फादर मूळचे वसईचे, बागायतदाराच्या घरातले. प्रवेशाच्या दिवशी त्यांनी माझ्या मुलाचे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "विळा धरता येतो वाटतं. मग पेनही धरता येईल." तिथंच मला शाळा आवडून गेली.

माझं स्वतःचं शिक्षण सातवीला थांबलं होतं. पुढची शाळा लांब होती, आणि पोरीला रोज एसटीने कोण पाठवणार, असं घरात ठरलं. कुणी दुष्ट नव्हतं. पण दहावी व्हायची माझी इच्छा काही मेली नाही. लग्न झालं, मुलगा झाला, तरी ती आपली कोपऱ्यात बसून होती. कुणी "शिक्षण किती?" विचारलं की मी म्हणायचे, "झालंय थोडं," आणि विषय बदलायचे.

फादरांच्या शाळेत एक रीत होती. आज वर्गात जे शिकलात ते संध्याकाळी घरातल्या एका माणसाला शिकवायचं आणि त्या माणसाला पडलेला एक प्रश्न दुसऱ्या दिवशी घेऊन यायचा. प्रश्न आणला नाही तर घरी शिकवलंच नाही असं धरत. नवरा मुरबाडच्या कारखान्यात पाळीवर. म्हणून मुलाने पहिल्या दिवशी आजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, समोर बसवलं. त्या पहिल्या वाक्याला डुलायला लागल्या. मुलगा रडकुंडीला आला. मी भाकरी थापता थापता म्हटलं, "मला सांग रे. माझे हात गुंतलेत, कान मोकळेच हायत."

तिथून तीन वर्षं आमच्या घरात रोज शाळा भरली.

विज्ञानाने माझी सुरुवात झाली. माती, तिच्यातले जीव, झाडाला काय लागतं असं काहीतरी तो सांगत होता. मी विचारलं, "मंग आमी राब का भाजतो?" आमच्याकडे रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून उन्हाळ्यात जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, की तणाचं बी जळतं, रोपाला राख मिळते, पण पाला जाळण्यापेक्षा कुजवणं मातीला बरं. सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "तण जलतो ता माझ्या सासूला बी ठाव होता." म्हणजे बाई झोपलेल्या नसायच्या. पण तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही.

भूगोलात दहावीला भारत आणि ब्राझील. ब्राझीलच्या नद्या, जंगलं, तिथले लोक कुठं दाटीने राहतात आणि कुठं विरळ, हे सगळं मला आमच्या तालुक्यापेक्षा जास्त पाठ झालं. मी विचारलं होतं, "तिकडं भात लावताना वाकतं कोण?" मास्तरांनी शोधून सांगितलं, तिकडे बराचसा भात यंत्राने पेरतात, वाकत कुणी नाही. त्या दिवसापासून कंबर धरली की मी ब्राझीलचं नाव घेते.

इतिहासात नुसते राजे असतील असं मला वाटलं होतं. तर पहिलाच भाग निघाला, इतिहास लिहितात कशावरून. नाणी, भांडी, जुने कागद आणि लोकांच्या तोंडची गाणी. आमच्या सासूबाई लग्नात धवले म्हणतात. हळदीपासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं त्यांच्या तोंडात. मुलगा आनंदाने म्हणाला, "आजे, तू इतिहासाचं साधन हायस!" त्या म्हणाल्या, "साधन आसंल तुझी आय." तरी त्या रात्री जेवण होईस्तोवर गुणगुणत होत्या.

हिंदी मला टीव्हीने आधीच शिकवली होती, त्यामुळे त्या विषयात माझा तोरा फार. इंग्रजीने तो उतरवला. शब्द पाठ व्हायचे, पण तोंडातून निघताना त्यांचे हातपाय मोडायचे. मुलगा मला म्हणायचा, "आये, हळू. पलत नाय ता." मराठीचे धडे आणि कविता मात्र मी त्यालाच समजावायची. तिथं गुरू कोण आणि चेला कोण हे ठरत नसे. जलसुरक्षा म्हणून एक विषय असतो, त्यात पाणी अडवणं, जिरवणं, मोजणं. मी विचारलं, "ह्या सगल्यात ता पाणी डोक्यावरून आणतं कोण?" त्यावर पोरांना आपापल्या घरी एक आठवडा पाणी भरायला लावलं, असं कळलं. दोन-तीन बायका बाजारात भेटल्यावर मला दुवा देऊन गेल्या.

ख्रिस्ती पोरांना धर्माचा तास असायचा, तेव्हा बाकीच्यांना मूल्यशिक्षण. एकदा मुलाने वाटेत लुटलेल्या माणसाची गोष्ट आणली. जखमी पडलेला, मोठे मोठे लोक बाजूने निघून गेले, शेवटी एका परक्याने त्याला उचलून धर्मशाळेत ठेवलं आणि तो आपल्या कामाला गेला. सगळे त्या परक्याचे गुण गात होते. मी विचारलं, "मंग धर्मशालेत त्याचं करत कोण होतं? पाणी तापवणं, जखमा धुणं?" हेडमास्तर फादरांनी तो प्रश्न प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेला वाचून दाखवला म्हणे. मुलगा घरी आला तो लाजत, आणि छाती फुगवूनही. मी त्या शाळेची पायरी चढले नव्हते, आणि माझं म्हणणं तिथं माइकवरून गेलं होतं. मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

गणित मात्र माझ्या पाठी लागलं. हेडमास्तर फादर स्वतः गणित शिकवत. वर्गसमीकरणाला दोन उत्तरं येतात आणि त्यातलं ऋण असलेलं टाकून द्यायचं, हे मला पटेना. मेहनत करून काढलेलं उत्तर टाकायचं कशाला? फादरांनी निरोप पाठवला, "आईंना सांग, शेताची लांबी ऋण असती तर सरकारने तीही सातबाऱ्यावर चढवली असती." हसले, पण डोक्यात बसलं.

मुलगा दहावी झाला आणि पुढच्या शिक्षणाला कल्याणला राहायला गेला. घर एकदम गप्प झालं. जाताना त्याने पुस्तकं बांधून माळ्यावर नाही ठेवली, माझ्या उशाशी ठेवली. म्हणाला, "आये, तुझा सगला झालाय. आता बाहेरून परीक्षेला बस." नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बस की. कोण नाय बोलतंय?" आयुष्यभर ज्याला घाबरले ते एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या मार्चमध्ये मुरबाडच्या केंद्रावर बसले. सगळ्या विषयांत निघाले, गणितात गेले. कितीतरी ठिकाणी चुकले असेन, पण एक चूक मला चांगली आठवते. एका शेताचं क्षेत्रफळ काढायचं होतं. चौरस मीटरमध्ये उत्तर बरोबर आलं. मग मला वाटलं, शेत आहे, चौरस मीटर कोण बोलतं? मी त्याचे गुंठे केले आणि गुंठ्यांतलं उत्तर झोकात चौकटीत लिहिलं. मुलाला फोनवर सांगितलं तर तो आधी हसला आणि मग म्हणाला, "पुन्ना बस. जुलैला."

पुरवणी परीक्षेचं केंद्र आलं फादरांच्या शाळेत. आनंद मावेना. पण भूमितीचा पेपर आला नेमका आमच्या लावणीच्या दिवशी.

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे लावणीला एकमेकांच्या शेतावर जातात. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे, परवा तिसरीकडे. पाळ्या ठरलेल्या असतात, रोपं उपटून ठेवलेली असतात, चिखल केलेला असतो. ज्याची पाळी त्याच्या घरच्या बाईने सगळ्यांच्या पुढे पहिली ओळ लावायची. ती नसेल तर बोलायला कुणी नाही, पण सगळ्यांच्या ध्यानात राहतं. आणि इतक्या माणसांचं जेवण? मी ठरवूनच टाकलं, पेपर सोडायचा. गणित काय, पुढच्या मार्चला पण असणारच.

सासूबाईंना तसं सांगितलं. त्या सुकट निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भात आमाला लावता येतो. तुझा ता पेपर आमाला नाय येत. तू जा." मी म्हटलं, "आणि पहिली ओल?" त्यावर त्या सुकट घेऊन आत गेल्या. मला वाटलं, बाईंनी नुसतं तोंडदेखलं म्हटलं.

पेपरच्या आदल्या संध्याकाळी मुलगा घरी हजर. आजीने फोन करून बोलावलं होतं. ज्या बाईला फोनचं बटण कुठलं दाबायचं ते माहीत नव्हतं, तिने शेजारणीकडून नंबर लावून घेतला होता. मला रडू फुटलं. त्या म्हणाल्या, "रडतेस काय गो? त्याला सांग, उद्या पॅन्ट दुमडून शेतात ये. शहरात जाऊन पाय गोरं झालं असतील."

सकाळी मी धसईच्या थांब्यावरून एसटी धरली तेव्हा माझा मुलगा माझ्या जागेवर, सगळ्या बायकांच्या पुढे, पहिली ओळ लावत होता. बायका त्याला चिडवत असणार, मला एसटीत बसल्या बसल्या ऐकू येत होतं. आणि मी त्याच्या शाळेत, त्याच्यासारख्याच पोरांच्या मध्ये, बाकावर बसले. बाक लहान होता. पायाला चिखल नव्हता, त्यानेच जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. लावणीच्या दिवशी कोरडे पाय मी लहानपणापासून पाहिले नव्हते.

पेपरात एका झाडाची उंची काढायची होती. लांब उभं राहून शेंड्याकडे बघायचं, कोन मोजायचा आणि झाडावर न चढता उंची सांगायची. मुलाने हेच मला चुलीपाशी जळक्या काटकीने जमिनीवर काढून शिकवलं होतं. मला ती काटकीची रेघ दिसत होती. सोडवलं. या वेळी उत्तराचे गुंठे केले नाहीत.

संध्याकाळी घरी आले. मुलगा पाठ धरून ओट्यावर पालथा पडलेला. सासूबाई चुलीपाशी. मुलगा पडल्या पडल्या म्हणाला, "आज शालेतून तू आलीस. तू शिकव."

मग मी शिकवलं. झाड, सावली, कोन. हात भाकरीत नव्हते, त्यामुळे कुठे ठेवावे कळत नव्हतं. सासूबाई नेहमीसारख्या डोळे मिटून बसल्या होत्या. माझं झालं. मग त्या म्हणाल्या, "मंग हितं बसून सिद्धगडाची उंची काढता येल?"

इतक्या वर्षांत त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. सिद्धगडाचा डोंगर आमच्या शेतातून समोर दिसतो. मी म्हटलं, येईल बहुतेक, पण कशी ते मला विचारावं लागेल.

"मंग इचार," त्या म्हणाल्या. "जल्मभर त्याच्याकडं बघत भात लावला. तो केवडा ता मला मरायच्या आधी ठाव पायजे."

निकाल लागला. पास झाले. पेढे घेऊन शाळेत गेले. हेडमास्तर फादरांनी पेढा तोंडात टाकला, हात पुसले आणि मला विचारलं, "प्रश्न आणलाय ना घरून?"

आणला होता. ते मला दहावीच्या वर्गाच्या दारापर्यंत घेऊन गेले, आत जाऊन खडू उचलला आणि फळ्यावर सासूबाईंचा प्रश्न उतरवला. एक शब्द सुधारला नाही, 'ठाव पायजे' तसंच राहू दिलं. सगळी पोरं ते वहीत उतरवून घ्यायला लागली. मी दारात पदर तोंडाला लावून उभी राहिले. कुणाकुणाचे उपकार मानायचे ते मला सुचेना.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. मी पास झाल्याचं त्यांना सकाळीच कळलं होतं, त्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. म्हणाल्या, "ता ऱ्हाऊं दे. उत्तर आलं का?"