सरांचं जवळचं उत्तर

मित्रहो, आज चिखलीत भूकरमापक भरतीच्या क्लासमध्ये जे पाहिलं, त्याने डोकं अजून तापलेलं आहे.

फळ्यावर कोडं होतं. दोन अंकी संख्येचे अंक उलटे केले की ती पंचवीसने वाढते, तर मूळ संख्या कोणती?

मी हात वर केला. "सर, अशी संख्याच नाही. अंक उलटे केले की फरक नेहमी नऊच्या पाढ्यातलाच येतो. पंचवीस त्या पाढ्यात कुठंय?"

सर हसले. "ताई, डोकं काऊन लावून राह्यली? ऑप्शन लाव ना! सत्तेचाळीस घे."

"चौऱ्याहत्तर वजा सत्तेचाळीस केले तर सत्तावीस येतात, सर."

"मंग? दोनचाच तं फरक हाय. जवळचं उत्तर घ्यायचं अन् पुढं जायचं."

आणि अख्ख्या कळपाने माना डोलवत सत्तेचाळीस लिहून घेतले! शेजारची तर मलाच म्हणाली, "बस ना वो, सरले काऊन तरास देतं?"

बसले बाई.

उद्या यातलेच कोणी मोजणीवाले साहेब होऊन तुमच्या शेतात येतील. धुरा, म्हणजे तुमच्या शेताचा बांध, दोनच हात सरकवतील. चालते ना तुम्हाले?