बाकावरची उडी

हल्ली माझ्या वर्गात कुणी जागचं हलत नाही. मी फळ्यावर लिहितो, पोरं वहीत उतरवतात, घंटा होते. पूर्वी असं नव्हतं. माझं डोकं तापट आहे हेही आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

भातकुलीच्या अलीकडच्या एका गावातल्या कॉलेजात मी बी.ए.च्या पोरांना इंग्रजी शिकवायचो. तासिकेवर. म्हणजे आज आहे. उद्या 'सर, येऊ नका' म्हटलं की खेळ खलास. अमरावतीहून तोंडाला रुमाल बांधून गाडीवर जायचं आणि साडेसातचा तास गाठायचा. वर्गात पन्नासेक पोरं, आणि इंग्रजीचं पुस्तक निघालं रे निघालं की सगळ्यांच्या तोंडावर सुतकी कळा.

सगळ्यात जास्त छळायचे ते हालचालीचे शब्द. आपण म्हणतो, तो धावत आत आला. कसा, कुठं, सगळं आरामात सांगत सांगत शेवटी 'आला'वर येऊन टेकतो. इंग्रजीला एवढा दम नाही. ती धावण्याचंच क्रियापद करते आणि आत-बाहेर, वर-खाली ही दिशा एका टिचभर शब्दात मागं जोडून मोकळी होते. रॅन इन. क्रॉल्ड आउट. क्लाइम्ब्ड अप. त्यातच 'हळूच'सारखा एखादा शब्द घुसला, की तो कुठं बसवायचा म्हणून पोरांची फजिती. एकानं विचारलं होतं, "सर, पण आला का गेला थो?" प्रश्न रास्त होता. "तू कुठं उभा आहेस त्यावरून समजून घे," मी म्हणालो. तो डोकं खाजवत खाली बसला.

मग मला युक्ती सुचली. एकाला दाराबाहेर पाठवला, म्हटलं पळत आत ये. वर्ग ओरडला, "रॅन इन!" दुसऱ्याला बाकाखालून रांगत बाहेर काढला. तिसऱ्याला खिडकीच्या कट्ट्यावर चढवला. नुसती घोकंपट्टी करणारी पोरं महिनाभरात स्वतःची वाक्यं बोलायला लागली, अहो, हसत हसत बोलायला लागली. शेजारच्या वर्गातले सर म्हणायचे, "सर्कस लावली का बाप्पा?" म्हणा, काय म्हणायचं ते. मी भलताच फुगलो होतो.

त्या सर्कशीतला माझा हुकमी एक्का एक मुलगी होती. भाजीच्या मळ्यावर राहणाऱ्या घरातली, काटक, केस करकचून बांधलेली. पोलीस भरतीची तयारी करायची. सकाळी कॉलेजला येताना ती रस्त्याच्या कडेनं धावताना दिसायची. मी हॉर्न वाजवला की मान न वळवता नुसता हात वर करायची. वर्गात पळायचं, चढायचं, उतरायचं काही असलं की मी तिलाच हाक मारायचो.

तिचं सगळं त्या भरतीवर टांगलेलं होतं. तिनंच एकदा सांगितलं होतं, "सर, बाबा म्हणते, यंदाची भरती पाहून घे. झाली त झाली. नाही त अकोल्याचं स्थळ हाये, त्याईले हो म्हणून टाकू." आठशे मीटर वेळेत मारले की तिचं आयुष्य तिच्या हातात. मला हे पक्कं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मैदानी चाचणीला तीन आठवडे उरले होते. त्या दिवशी फळ्यावर 'जम्प्ड डाउन' आलं. समोरच्या बाकाचा एक पाय तुटका, त्याखाली वीट लावलेली. ती वीटही मी रोज पाहत होतो. "चढ," मी तिला म्हणालो. ती उठलीच नाही.

"सर, आज मी नाही. ग्राउंड जवळ आलं. उडीगिडी मारू नका म्हणते आमचे ट्रेनर."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. बस, तेवढ्यानं माझं टाळकं सटकलं. "वा! चोरामागं भिंतीवरून उड्या मारायला निघालीस, आणि एवढ्याशा बाकाला भितेस? तू काय पोलीस होणार?"

 तिनं ओढणी कमरेला खोचली आणि ती बाकावर चढली. तिनं उडी घेतली तशी वीट सरकली. वर्ग जोरात ओरडला, "जम्प्ड डाउन!" आणि त्या ओरड्यातच वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज आला. ती गुडघा धरून खाली बसली होती. रडली नाही. माझ्याकडं पाहून म्हणाली, "सर, माझं ग्राउंड."

दोघी मैत्रिणींनी तिला धरून ऑफिसात नेलं. प्राचार्यांनी विचारलं, काय झालं? मी घसा खाकरला, पण ती आधी बोलली, "जिन्यात घसरली मी, सर." प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. वर्गातल्या एकाही पोरानं तोंड उघडलं नाही. पोरांचं सोडा, मी का नाही उघडलं? तासिकेवर होतो म्हणून. दुसरं काही कारण नाही, आणि शोधूही नये.

तिची मावशी अकोल्याला होती म्हणून तिला तिकडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन लागेल, वर्षभर धावणं विसरा. मी दोनदा मळ्यावर जाऊन आलो. तिचे वडील खाट टाकायचे, चहा द्यायचे. पहिल्या खेपेला म्हणाले, "तुमच्या कॉलेजच्या पायऱ्या लयच घासल्या असतीन, नाही का सर?" मी म्हणालो, "हो ना, फार." दुसऱ्या खेपेलाही त्यांनी पायऱ्यांचाच विषय काढला. मीही पुन्हा पायऱ्यांनाच शिव्या घातल्या. ती आतल्या खोलीत होती. बाहेर आली नाही.

ऑपरेशन पुढं ढकलून ती चाचणीला उतरली. गुडघ्याला पट्टी, त्यावर पट्टी. मी अमरावतीच्या भरतीच्या मैदानाच्या जाळीबाहेर उभा होतो. पहिली फेरी तिनं कशी काढली देव जाणे. दुसऱ्या फेरीत पाय असा वाकडा पडायला लागला की पाहवेना. बाकीच्या मुली पोचून पाणी पीत होत्या, तरी ही येतच होती, एक पाय ओढत. या चालीलाही इंग्रजीत एक शब्द आहे, लिम्प. वर्गात मी तो कुणाकडून करून घेतला नव्हता. रेघ ओलांडली तेव्हा वेळ कधीच संपली होती. तिनं मला जाळीपलीकडं पाहिलं. हात वर केला नाही.

अकोल्याचं स्थळ पक्कं झालं. लग्नाला चार दिवस असताना मला राहवेना. मी मळ्यावर गेलो. तिचे वडील मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. उभ्या उभ्याच मी सगळं ओकून टाकलं. ती नको म्हणत होती, मी टोचून बोललो, वीट मला दिसत होती, जिन्याचं सगळं खोटं. ते जुडी बांधतच राहिले.

"मले माहीत हाये, सर," ते म्हणाले. "त्याच दिवशी सांगतलं पोरीनं. म्हणे, बाबा, सरायचं नाव घेऊ नका, त्याइची नोकरी जाईन."

 "मग तुम्ही मला काहीच का बोलला नाहीत, भाऊ?"

"तुमी सांगसान म्हणून वाट पाहून राहिलो होतो. दोन्ही खेपा पायऱ्यायचं विचारलं मी तुमाले."



त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. आवाज चढवला नाही. "पोरगी म्हणत होती, बाबा, अजून एक वर्ष द्या, ऑपरेशन करून पुढच्या भरतीले उतरीन. मी देणारच होतो. पण मनलं, जिथं शिकवणारा माणूस माह्या घरी बसून, माहा चहा पिऊन खोटं बोलते, तिथं पोरीले अजून वर्षभर कोणाच्या भरवशावर पाठवू?"

आतून बांगड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. बांगड्या भरणारी बाई आली असावी. हसणारी त्यांची पोरगी होती की दुसरंच कुणी, ते कळलं नाही.

त्यांनी जुडी टोपल्यात टाकली आणि दुसरी हातात घेतली. "लग्नाले या, सर," म्हणाले.

मी गेलो नाही.