सोमाजीनं टोपी काढून सांगितलेलं

सोमाजी गेल्याचं मला गोंदियाच्या स्टेशनावर कळलं. अर्जुनीच्या सरकारी रेडिओची बॅटरी भरून न्यायला तिथला चपराशी आला होता. "सोमाजी गेला, बाबूजी. तापानं गेला," एवढं म्हणून तो बॅटरी डब्यात चढवू लागला. गाडी निघून गेली तरी मी फलाटावर उभाच... त्याच्याबद्दल एक खोटी गोष्ट मी पसरवली होती, आणि ती त्याच्या देखत मागे घ्यायची वेळ आता टळून गेली होती.

लढाईच्या काळात इंग्रज सरकारनं अर्जुनीच्या चावडीवर रेडिओ बसवला. दिल्लीहून येणाऱ्या हिंदुस्तानी बातम्या बाजाराला आलेल्या लोकांना त्यांच्या बोलीत सांगायला माणूस हवा होता. मी तहसिलीत हेडक्लार्क होतो. सातवी शिकलेल्या, खड्या आवाजाच्या सोमाजीचं नाव मीच सुचवलं. पगार बेताचा, सोबत बिल्ला लावलेली खाकी टोपी. बातम्या सांगताना तो ती घालायचा आणि सांगून झालं की काढून मांडीवर ठेवायचा. टोपी असेपर्यंत सरकारचं बोलणं, टोपी उतरली की सोमाजीचं. हे त्यानं कधी समजावून सांगितलं नाही, पण सारा बाजार ते ओळखून होता. लोक खरे थांबायचे ते टोपी उतरण्यासाठी.

धानाची सक्तीची वसुली आली त्या वर्षी रेडिओ सांगत होता की देशात धान्य भरपूर आहे, कुणी साठा करू नये. सोमाजीनं ते जसंच्या तसं सांगितलं. पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "ते झालं. आता टोपी काढ ना बाप्पा!"

तो हसला, टोपी काढली. "दिल्लीचं मले मालूम नाही, माय. मी माह्या घरचं बियाणं देणार नाही."

त्या हंगामात वसुली कमी भरली. तहसीलदारसाहेबांनी मला बोलावलं. "माणूस तुम्ही नेमलात. पगार वाढवून द्या, पण टोपी डोक्यावरून उतरता कामा नये." मी निरोप घेऊन गेलो तेव्हा सोमाजी बैलांना पाणी दाखवत होता.

"वाढ कायले जी? काम तं तेवढंच हाय."

"शेवटपर्यंत टोपी घालून बसायचं, बस."

"मंग आपल्या मनचं कोणत्या डोस्क्यानं बोलू?"

वाढ त्यानं घेतली नाही. माझं पेन्शन जवळ आलं होतं आणि साहेबांना काय सांगावं या धास्तीनं मला अन्न गोड लागेना. लोकांचा सोमाजीवरचा भरवसाच उडाला, तर त्यानं टोपी काढली काय नि ठेवली काय, साहेबांना सारखंच होतं. पुढच्या बाजारी चहावाल्या किसनजवळ मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "सोमाजीचा पगार वाढला बरं का."

बाजार उठायच्या आत ते सगळीकडे पसरलं. त्यानंतर सोमाजीनं टोपी काढली की लोक एकमेकांकडे पाहून उठू लागले. "पगारी बोलून राहिला," असं कुणीतरी त्याच्या तोंडावर म्हणालं. तो शपथा घेत बसला नाही. काही महिन्यांनी त्यानं टोपी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि विचारलं, "पगाराची गोष्ट कोणं उडवली जी?"

"बाजारच तो..." मी म्हटलं. टोपी तिथेच ठेवून तो गेला. ती आमची शेवटची भेट.

गेल्या बाजारी मी मुद्दाम अर्जुनीला गेलो. किसनला आणि त्याच्याकडे बसलेल्यांना सांगितलं, सोमाजीनं वाढ घेतली नव्हती, मी खोटं बोललो होतो. कप विसळता विसळता किसन म्हणाला, "तवा कोणं सांगाले धाडलं होतं? अन् आता कोणं धाडलं, बाबूजी?"

किसनला ते पटलं नाही. म्हणून हे लिहितो आहे, तुम्हालाही ते पटेल की नाही या काळजीसकट.

त्या बाजारी मी निघालो तेव्हा चावडीवर बातम्या सुरू झाल्या होत्या. आता सरकार आपलं, दिल्लीचा आवाजही आपला. नवा माणूस स्वच्छ, न अडखळता सांगत होता. शेवटची बातमी झाली, त्यानं सेट बंद केला. लोकांनी टोपल्या उचलल्या आणि ते निघाले... त्याचं स्वतःचं म्हणणं कोणी विचारलं नाही.